मापाडी

शाळेतून फोन आला तेव्हा मी मोंढ्यात,
हळदीच्या पोत्यांमध्ये, भुवयांपर्यंत पिवळा.
कऱ्हाळे बाई म्हणाल्या, जमलं तर आत्ताच या.
आणि हात शांत ठेवून या.
हे दुसरं वाक्य मला कळलं नाही.
मी आपला वाटभर कमरेचा पट्टा चाचपत गेलो.

व्हरांड्यात दोन खुर्च्या.
एकीवर आमचा विश्वजित,
बुटाच्या टोकानं फरशी उकरत.
दुसरी रिकामी.
आदेशला बाईंनी बोलावलंच नव्हतं.
"त्याला ह्याच्यासमोर बसवून काय विचारू?
त्याचं एकट्याचं ऐकलंय. दोन दिवस लागले."

मग सांगितलं.
हजेरीपटावर आदेशचा नंबर सत्तावीस.
हजर म्हणताना त्याचा ह रुततो,
काळ्या रानात गाडीचं चाक रुतावं तसा.
आणि मागच्या बाकावरून आमचं पोरगं ओढतं:
ह-ह-ह-ह
मग सगळा वर्ग एका दमात: हजर!
जूनपासून.
आता आदेश हजेरी संपल्यावर वर्गात येतो.
तोवर पाण्याच्या टाकीमागं उभा,
दप्तर पोटाशी धरून.
पटावर त्याची अठ्ठावन्न दिवस गैरहजेरी,
आणि लेकरू रोज शाळेत.

मी म्हणलं, बाई, पोरं आहेत, चालायचंच.
बाई नुसत्या बघत राहिल्या.
मी म्हणलं, मग सोलतो घरी नेऊन.
तेव्हा बोलल्या:
"भुजंगराव, बुधवारी घरी दिलेला मार
गुरुवारी दप्तरात बसून शाळेत येतो.
इथं तो कुणाच्या वाट्याला जातो,
मला माहीत आहे."

वर्गासमोर माफी मागायला लावणार नव्हत्या.
हातात हात द्या, फोटो काढू, तसलं काही नाही.
"ते आपल्याला बरं वाटावं म्हणून असतं.
जूनमध्ये एकदा मीही हसले होते. तेही लिहिलंय मी."
आदेशला विचारलं होतं, तुला काय पाहिजे?
त्यानं वेळ घेतला. म्हणाला,
माझं मला म्हणू द्या.

परतताना, कारखान्याच्या फाट्यावर, गाडी चालवतच
विचारलं, कुठं शिकलास रे हे?
मागून बराच वेळ काही नाही.
मग माझ्या पाठीला तोंड लावून:
"तुम्हीच करता की पप्पा. दिगंबरकाकाचं."

दिगंबर. मोंढ्याच्या गेटावरचा चहावाला.
च-च-चार कट का, मालक?
बारा वर्षं करून दाखवतोय मी.
हमाल हसतात, अडते हसतात,
दिगंबरही हसतो, कप विसळत.
तो हसायचा म्हणून मला वाटायचं
त्याला चालतं.
कप तर कधीच विसळून झालेले असायचे.

पट्टा त्या रात्री खुंटीलाच राहिला.
हातांचं काय करावं कळेना.
दोनदा साबण लावला.
हळद काही एका धुण्यात निघत नाही.

मी मापाडी.
काट्यावर पोतं पडलं की आकडा थरथरतो,
वर जातो, खाली येतो.
तेव्हा बोलायचं नसतं.
मध्येच वाचला तर कुणाचं तरी जातं.
थांबायचं.
पगार मला त्याचाच मिळतो.

सकाळी दिगंबर म्हणाला, च
आणि सगळे माझ्याकडं बघायले.
मी ग्लासाकडं बघत थांबलो.
एका अडत्यानं माझ्याऐवजी केलं. हशा झाला.
त्याला मी काही बोललो नाही.
तेवढं राहिलं. घशाशी आलं होतं, राहिलं.

संध्याकाळी विश्वजितला विचारलं,
हजेरीला होता का तो?
"होता."
मग? किती वेळ लागला त्याला?
पोरगं कंपासपेटीचं झाकण दाबत होतं,
ते काही केल्या बसत नव्हतं.
"काय माहीत," म्हणालं,
"मोजलं नाही कुणी."